तेरवीची मजुरी

रुख्मिणीबाईच्या हातची पोळी खाल्ली नाही असा माणूस अचलपूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. लग्न असो, वास्तू असो, तेरवी असो, चंद्रभान आचाऱ्याला काम मिळालं की पोळ्या लाटायला सहा बाया जात, आणि त्या सहा जणींची म्होरकी रुख्मिणीबाई. एकदा पोळपाटाशी बसली की पाच-पाच तास उठत नसे. मुलगा गोपाल नांदगाव पेठेला कपड्याच्या कंपनीत लागला, अमरावतीत खोल्या केल्या, आईला गावाहून सोबत घेऊन आला, तरी बाईचं काम काही सुटलं नाही. चंद्रभानचा फोन आला की पिशवीत पोळपाट-लाटणं घालायचं आणि अर्ध्या तिकिटात परतवाड्याची एसटी धरायची. सून रागिणी म्हणायची, "आई, एवढ्या उनात कशाले जाता? घरी काय कमी आहे?" त्यावर सासूचं उत्तर ठरलेलं, "घरी काय कमी आहे ते मले माहीत आहे. तू भाजी पाय, करपून राहिली."

घरी कमी काही नव्हतं, हे खरं. शिल्लकही काही नव्हतं, हेही खरं. गोपालचा हात म्हणजे चाळणी. भिंतभर टीव्ही हप्त्यावर, पोरीला, आकांक्षाला, गिअरची सायकल, रविवारी बाहेरचं जेवण, उन्हाळ्यात चिखलदरा. मित्रांत बसला की चहाचे पैसे दुसऱ्यानं द्यायचे नाहीत. आईला त्यानं सात हजारांचं लुगडं आणलं. तिनं त्याची घडीसुद्धा मोडली नाही. रागिणीला नवऱ्याचा राग यायचा, आणि खोटं कशाला बोला, आवडायचाही तो तसा. गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर नवरा "अजून एक प्लेट खाय ना व" म्हणतो, तेव्हा कोणत्या बाईला पासबुक आठवतं?

आणि गोपाल काही उगाच असा झाला नव्हता. त्याचा बाप खुशालराव दुसऱ्या टोकाचा. चहात साखर चिमटीनं घालणारा, चप्पल तीनदा शिवून घेणारा. जन्मभर जमवलं आणि सारं एका पतसंस्थेत नेऊन ठेवलं, म्हातारपणी कामी पडेल म्हणून. एके सकाळी पतसंस्थेला कुलूप. बाप दोन महिने त्या कुलुपापुढे जाऊन बसला आणि वर्षाच्या आत, भर उन्हाळ्यात, गेला. गोपाल तेव्हा बावीस वर्षांचा. तो आजही म्हणतो, "जमवून काय दिवे लावले बाबानं? खाल्लं असतं त पोटात त असतं!"

पण खरी गोष्ट पुढंच आहे. खुशालरावाच्या तेरवीला घरात पैसा नाही. बावीस वर्षांच्या पोरानं इकडून तिकडून आणून दीडशे पानांची तयारी केली, आणि सव्वातीनशे माणूस आलं. तिसऱ्या पंगतीला वरण पातळ झालं. चौथ्या पंगतीला बुंदी संपली, पोळ्या संपल्या, भाताच्या गंजात उलथणं वाजायला लागलं. त्या पंगतीत रुख्मिणीबाईच्या माहेरचे लोक बसले होते. तिचा सख्खा भाऊ गोवर्धन भरल्या मांडवातून पानावरून उठला. हात धुतले आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसला. जिनं साऱ्या तालुक्याला पोळ्या घातल्या तिच्याच नवऱ्याच्या तेरवीत माणसं उपाशी उठली, आणि ती दुखवट्यातली बाई, तिला चुलीजवळही जाता येईना. नवरा गेल्याचं दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या पंगतीचं दुःख दर उन्हाळ्यात निघायचं, आणि रागिणीला लग्न होऊन आल्यापासून ते पाठ झालं होतं.

त्यानंतर बाईनं एक केलं. लग्नाची, वास्तूची मजुरी ती घरी आणायची. तेरवीच्या पोळ्या लाटल्या की मात्र मजुरीला हात लावायची नाही. चंद्रभानला म्हणायची, "ठेव भाऊ तुयापाशी. माही तेरवी तुले करा लागते." बँकेवर तिचा विश्वास नव्हता, तो कशाला असेल? पोरावरही नव्हता. चंद्रभानवर होता. अशी बारा वर्षं तिनं लोकांच्या मेलेल्या माणसांसाठी फुकट पोळ्या लाटल्या, स्वतःच्या मरणासाठी.

रागिणीला हे कळलं तीन वर्षांपूर्वी. चंद्रभानचा फोन तिनं उचलला आणि तो बोलता बोलता बोलून गेला. सासूला विचारलं तर सासूनं दार लोटून घेतलं. आकांक्षा तिथंच पाटीवर पाढे लिहीत बसली होती, सहा वर्षांची.

"गोपालले सांगू नको," रुख्मिणीबाई म्हणाली. "त्याच्या कानावर गेलं त दारात गाडी उभी राहीन, अन् माया तेरवीत लोकं पानावरून उठतीन. घाल पोरीच्या डोक्यावर हात."

"आई, असं काय करता? नाई सांगत ना मी."

"हात घाल."

रागिणी बी. ए. झालेली. शपथेनं कोणी मरत नाही, हे तिला समजत होतं. तरी पोटच्या पोरीच्या डोक्यावर ठेवलेला हात तिनं चटका बसल्यासारखा मागं घेतला.

यंदाच्या वैशाखात एका सकाळी रुख्मिणीबाई न्हाणीतून निघाली आणि भिंतीला धरून खाली बसली. घामानं लुगडं भिजलं, डावा हात लाकडासारखा झाला. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून बाहेर बोलावलं आणि सरळच सांगितलं. मोठ्या नळीत अडथळा आहे, स्टेंट टाकावा लागेल, औषधावर दोन दिवस निघतील, त्यापुढचं मी सांगू शकत नाही. एक लाख साठ हजार. एक लाख तरी आधी भरा. सरकारी योजनेत बसलं असतं, पण त्यासाठी रेशनकार्ड ऑनलाइन लागतं. रागिणीनं गोपालला त्यासाठी चारदा सांगितलं होतं आणि चारही वेळा तो म्हणाला होता, "हाव, करतो ना." आता केलं तर आठ दिवस लागणार.

गोपाल बाकड्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मग उठला. ज्यांना ज्यांना त्यानं चहा पाजला होता त्यांना फोन लावले. सगळे गोड बोलले. कोणी दोन हजार दिले, कोणी पाच, कोणाचा फोन लागेचना. मोटारसायकल विकायला काढली. घेणाऱ्यानं त्याचा चेहरा पाहून भाव पाडला. दुनिया अशीच आहे, तिला शिव्या देऊन काय उपयोग?

आणि इकडे रागिणी सासूच्या खाटेजवळ बसलेली. पैसा कुठं आहे ते तिला माहीत. खाटेवरच्या बाईला माहीत. आणि ज्याला माहीत नाही तो भर उन्हात दारोदार फिरतोय.

"आई," ती हळूच म्हणाली, "चंद्रभानकाकाले फोन लावते मी. तुमीच बोला. पाय धरते तुमचे."

रुख्मिणीबाईनं मान फिरवली. "तो पैसा मायावाला नाही. तो पंगतीचा आहे."

"जीव गेल्यावर कशाची पंगत व आई!"

"जीव गेल्यावरच असते." बाई हसली. अशा वेळी हसली! मग दम खाऊन बोलली, "मले बरं वाटून राहिलं आता. गोळ्या लागू पडल्या. डॉक्टर लोकं भेव दाखवतात."

"नाई आई. त्यायनं फोटो दाखवला मले. नळी बुजली आहे."

सासूनं रागिणीचं मनगट धरलं. पोळ्या लाटून लाटून तिच्या तळव्याला घट्टे पडले होते, ते रागिणीला टोचले.

"समज जगली मी. मंग कधी त मरीनच ना? तवा बारा वर्सं कुठून आणू परत? हात चालतीन काय माये? नाई रागिणी. तू आण घेतली आहे. पोरीची."

रागिणीला सासूचा राग आला, इतका की खाटेजवळून उठून तिनं खिडकी गाठली. आणि त्याच वेळी ती म्हातारी तिला कळतही होती. जिनं कधी नवी चप्पल घेतली नाही, हॉटेलात पोरगा घेऊन गेला तरी "मले भूकच नाही" म्हणत बसून राहिली, तिला आयुष्यात एकच गोष्ट विकत घ्यायची होती. तीही काढून घ्यायची म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपाल आला. मोटारसायकल गेली होती. बासष्ट हजार जमले होते. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ फुटलेले. "उद्यापर्यंत करतो काही तरी," तो म्हणाला आणि बायकोकडे पाहिलं. "तुया भाऊ देईन काय व?" त्यानं आयुष्यात कधी सासरी हात पसरला नव्हता. रागिणीला ते पाहवेना. आता सांगतेच, असं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या सीमाचा. आकांक्षा तिच्याकडे ठेवली होती.

"वहिनी, पोरीचं अंग तापलं आहे. घाबरू नका, उन लागलं असन."

ऊनच लागलं होतं. अमरावतीच्या उन्हाळ्यात पोर दिवसभर सायकल फिरवते, तिचं अंग तापणार नाही तर काय होईल? कोणालाही कळेल. रागिणीलाही दुसऱ्या कोणाच्या बाबतीत कळलं असतं. पण त्या घटकेला तिच्या डोळ्यांपुढे आपला हात आला, पोरीच्या डोक्यावर ठेवलेला, आणि ओठावर आलेलं सगळं तिनं गिळून टाकलं. "भावाले विचारून पाहते," एवढंच म्हणाली. तो एक दिवस तिनं घालवला. नंतर जन्मभर तिनं त्या दिवसाचा हिशेब मांडला, पण दिवस गेला तो गेलाच.

सकाळी आकांक्षाचा ताप उतरला होता. पोरगी खिडकीत बसून आंबा खात होती. तिला पाहिलं आणि रागिणीला स्वतःचीच लाज वाटली. तिनं चंद्रभानला फोन लावला. तो उचलेना. लग्नाचे दिवस, भट्टीजवळ त्याला कुठला फोन ऐकू येणार? "भावाकडे जाऊन येते," असं गोपालला सांगून तिनं परतवाड्याची गाडी पकडली. गाडीत तिनं देवाला एवढंच म्हटलं, शपथ मी मोडून राहिली, जे काय करायचं ते मायं कर, पोरीचं करू नको.

परतवाड्याला लागूनच असलेल्या अचलपूरला, मंगल कार्यालयाच्या मागं, चंद्रभान कढईत झारा घालून उभा होता. साठीचा माणूस, काळा, घामानं चमकणारा. पलीकडे बाया पोळ्या लाटत होत्या. मधली जागा रिकामी ठेवली होती, रुख्मिणीबाईची. रागिणीनं सगळं सांगितलं. चंद्रभाननं झारा दुसऱ्याच्या हाती दिला.

"परवापासून दवाखान्यात आहे अन् तू आज सांगून राहिली?" तो ओरडलाच. "काहून व? मी काय मेलो होतो?"

"आईनं आण घातली होती, काका."

"आण घातली! अन् तू बसली आण कवटाळून!" त्यानं कपाळावर हात मारला. पण दुसऱ्याच मिनिटाला तो घराकडे निघालेला. पत्र्याच्या पेटीतून कापडी पिशवी काढली. एक लाख सदतीस हजार, गड्ड्या बांधलेल्या, वर रुख्मिणीबाईच्या नावाची चिठ्ठी. एकदाही त्यातला रुपया त्यानं हलवला नव्हता. वरून आपले वीस हजार टाकले. "हे मायावाले. बुढी बरी झाली की मी पाहतो तिच्याकडं. म्हणा तिले, तुही तेरवी मी फुकट करतो, पण आता उठ! पळ पोरी."

रागिणी पळाली. गाडी लगेच मिळाली. पिशवी तिनं पोटाशी धरली होती आणि बाजूच्या बाईनं दोनदा विचारलं, पोटात दुखते काय व? वलगाव आलं. आता अर्धा तास, फार तर पाऊण. तिनं गोपालला फोन लावला, पैसे मिळाले म्हणून सांगायला. त्यानं उचलला.

"अहो, डॉक्टरले म्हणा तयारी करा. मी येऊनच राहिली. सारे पैसे आहे मायाजवळ."

"रागिणी," गोपाल म्हणाला, "घाई करू नको आता. आई गेली."

गाडीत ती मोठ्यानं रडली. लोकांनी पाणी दिलं, जागा करून दिली. तिच्या मांडीवर सासूचे बारा वर्षांचे पैसे होते आणि ते आता कोणत्याच कामाचे नव्हते. नाही, एका कामाचे होते. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती अजूनच रडली.

राख सावडून आल्यावर तिनं पिशवी गोपालपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, सीमाचा फोनही नाही. मारील, निदान शिव्या तरी देईल, असं तिला वाटत होतं. त्यानं मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"कधीपासून माहीत होतं तुले?"

"तीन वर्सं झाले."

"त्या दुपारी मी दवाखान्यात आलो, तवा सांगणार होती?"

"हाव."

गोपालनं पिशवीवरची चिठ्ठी काढली. आईचं नाव वाचलं. "मायावर भरोसा नव्हता तिले," तो म्हणाला. "तुयावर ठेवला. अन् तू तो निभावला. तुले काय बोलू मी?" मग त्याचा आवाज फुटला. "खाऊन घे, खाऊन घे म्हणत राहिलो मी तिले. अन् वेळ आली तवा माया खिशात काय होतं? काहीच नाही!" आकांक्षा दारातून बापाकडे पाहत होती. तिनं बापाला असं कधी पाहिलं नव्हतं.

पिशवी परत चंद्रभानकडे गेली. गोपालनंच नेऊन दिली. "काका, तिनं सांगतलं तशी करा. एक माणूस पानावरून उठला नाही पाहिजे."

उठला नाही. गावाकडं, मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला. पाच पंगती झाल्या. पोळ्या, वांग्याची भाजी, वरण, भात, कढी, बुंदी. साऱ्या गावानं खाल्लं, शेजारच्या दोन गावांनी खाल्लं. मामा गोवर्धन पहिल्या पंगतीत जेवला, हात जोडून म्हणाला, "पोरानं नाव काढलं हो खुशालरावाचं." गोपाल स्वतः बुंदीची बादली घेऊन फिरत होता. "घ्या, घ्या अजून, लाजू नका," म्हणत होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, आईच्या आठवणीनं रडतोय. आईच्या आठवणीनंच रडत होता.

सगळ्यात शेवटी पोळ्या लाटणाऱ्या बाया बसल्या. रागिणीला त्यांनी आपल्यात बसवलं. पान वाढलं. तिनं एक घास खाल्ला आणि दुसरा घेतला नाही. दवाखान्यात शेवटच्या सकाळी सासूला अर्धी वाटी पेज दिली होती. पेजेत मीठही नव्हतं.

"खाय व बाई," शेजारची जमुना म्हणाली. पन्नास-बावन्नची, सुकलेली, हाताला पीठ तसंच. पंचवीस वर्षं ती रुख्मिणीबाईच्या उजव्या हाताला बसत आली होती. "तुया सासूनं सोनं केलं मरणाचं. असं भाग्य कोणाले भेटते?"

जमुना जवळ सरकली, आवाज उतरवून म्हणाली, "तुले म्हणून सांगते. रुख्माबाईनं सांगतलं तवापासून मीबी तसंच करून राहिली. पाच वर्सं झाले. माया घरी कोणालेच माहीत नाही. तू बोलू नको हं कुठी."

रागिणीनं पान बाजूला सारलं. "काकू, तुमाले दम लागते ना? मघाशी पाहिलं मी, गंज उचलताना बसल्या तुमी खाली."

"लागते थोडासा. उन आहे ना."

"डॉक्टरले दाखवलं?"

"काही होत नाही व त्याले."

"काकू, घरी सांगा." रागिणीनं तिचा पिठाचा हात धरला. "आज सांगा. पोराले सांगा, सुनेले सांगा. नाई त मी सांगते. मी आण घेत नाही कोणाची, आधीच सांगून ठेवते."

जमुनानं हात सोडवून घेतला. तिला राग आला होता. "तुया सासूनं सांगतलं असतं त एवढी पंगत झाली असती काय?"

"नसती झाली," रागिणी म्हणाली. "आई असती."

जमुना तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं. वाटलं, ऐकलं हिनं. मग ती उठली, पत्रावळ उचलून टाकली, हात धुतले. चंद्रभान मांडवाच्या खांबाशी बसून बायांच्या हातावर एकेकीची मजुरी ठेवत होता. जमुनाची पाळी आली तेव्हा तिनं हात पुढं केलाच नाही.

"माही राहू दे, भाऊ," ती म्हणाली. "तुयापाशीच ठेव."